चाकाची जाळी

उपकेंद्रात नर्स म्हणून लागले तेव्हा माझी मुलगी अडीच वर्षांची होती. नवरा पुण्याला कामाला. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांच्यानं पोरीमागं धावणं व्हायचं नाही. उपकेंद्र माकणीच्या बाजूला, आमच्या गावापासून तीन किलोमीटर. तिथल्या अंगणवाडीत पोरीची सोय झाली, म्हणून तिला सायकलवर मागं बसवायची खुर्ची घ्यायला मी लोहाऱ्याला गेले.

सायकलवाले मामा वयस्कर होते. त्यांनी खुर्ची कॅरिअरवर घट्ट आवळली, गदागदा हलवून दाखवली, खांद्यावरचे पट्टे पोरीच्या मापाला बसवले. मग म्हणाले, "ताई, चाकाला जाळी लावल्याबिगर लेकराला बसवू नका. पाय आत जातो. आता माझ्याकडं जाळी न्हाय. बाजाराच्या दिवशी या, लावून देतो."

"सोमवारी हजर व्हायचंय मामा. नंतर लावते."

"मग लेकराला तवर घरीच ठेवा."

मी हो म्हणाले आणि सोमवारी तिला बसवून निघाले.

बाजाराचे चार दिवस आले नि गेले. रोज काही ना काही निघायचं. पोरगी मागं खुशीत असायची, शेळ्या दिसल्या की ओरडायची. मला वाटायचं, जमतंय की.

एका दुपारी परतताना ती पेंगली. पाय बांधायचा पट्टा सैल झाला होता. ते मला सकाळीच दिसलं होतं. पुलाच्या उतारावर सायकल एकदम अडली आणि ती किंचाळली. टाच तारांमध्ये अडकली होती. मी चाक मागं फिरवायला गेले तर ती आणखीच ओरडली. मोटारसायकलवरून जाणारा एकजण थांबला. त्यानं पकडीनं दोन तारा तोडल्या, तेव्हा पाय सुटला. टाचेमागची कातडी सोलून निघाली होती. रोज दुसऱ्यांच्या जखमा बांधणारी मी, पण तिला नुसती उराशी धरून बसले. माझी ओढणी त्यानंच तिच्या पायाला गुंडाळली.

दवाखान्यातून घरी आलो तशा सासूबाई दारातच होत्या. "कसं गं झालं?"

"तिनंच पाय घातला चाकात," मी म्हणाले. "लई वळवळ करते."

का बोलले ते आजही सांगता येत नाही. त्याच आठवड्यात मी जाळी लावून घेतली, पण पोरगी पुन्हा त्या खुर्चीत बसली नाही. जखम भरल्यावर सासूबाई रोज तिच्या टाचेला तेल चोळायच्या आणि म्हणायच्या, "आता न्हाय हं पाय घालायचा." ती मान हलवायची. मी चुलीपाशी भाकरी थापत ऐकायची.

गेल्या वर्षी ती आठवीत गेली. शाळेत जायला तिच्यासाठी नवी सायकल आणली तर ती हातच लावेना.

"मला न्हाय जमणार आई. मी पाय घालते चाकात."

तेव्हा मात्र मी सगळं सांगितलं. मामांनी बजावलेलं, न लावलेली जाळी, सैल पट्टा. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आजीला ठाऊक होतं?"

"न्हाय."

सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"तिला सांगायचं होतंस," एवढंच म्हणून ती आत गेली.

त्यानंतर तिनं पुन्हा विषय काढला नाही. माझ्याशी बोलते, हसतेही. पण सायकल शिकवते म्हटलं की नको म्हणते. सकाळी पाठीला दप्तर लावून पायीच निघते.