ठिबकची नळी

डिझेलचा फिल्टर मी घरीच बदलला. त्याला जोडलेला रबरी पाइप तडकला होता, म्हणून शेतातल्या ठिबकची नळी कापून दोन क्लिपा आवळून बसवली. गाडी सुरू झाली, पाच मिनिटं चालली आणि बंद पडली. फिल्टरवरचा हातपंप दाबून डिझेल वर ओढलं की चालू, इंजिन तापलं की बंद. लोणी गावाला भाचीचा साखरपुडा दुसऱ्या दिवसावर आलेला. मी डिझेलला शिव्या घातल्या, टाकी रिकामी केली, बॅटरीची टर्मिनलं घासली, नव्या फिल्टरवर खापर फोडलं.

बायको ओट्यावर लसूण सोलत हे सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "विहिरीवरची मोटर पाणी वढंना झाली की तुमी पहिलं काय बघता?"

"हवा कुठनं घेती ते," मी खेकसलो.

"मग?"

मी वाकून बघितलं. गरम झालेली ठिबकची नळी मऊ पडून क्लिपेत ढिली झाली होती, तिथनंच हवा आत जात होती. दिवसभरात मी गाडीतलं सगळं खोलून बघितलं होतं, फक्त मी स्वतः बसवलेलं तेवढं सोडून.