विलायती लायसन्सवाले केळकर

साठ वर्षं तरी झाली असतील. जयपूर, मे महिन्यातली दुपार... सांगानेर विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये आम्ही दोघंच होतो. मी कंट्रोलर, वय सव्वीस. आणि माझ्या हाताखाली ट्रेनी म्हणून केळकर, वय बेचाळीस.

उलटं वाटेल, पण नियमच तसा होता. केळकर इंग्लंडमध्ये सात वर्षं विमानं उतरवून आले होते. आईचं दुखणं वाढलं म्हणून परतले, तर तिकडचं लायसन्स इथं चालेना. इथली परीक्षा पास होईपर्यंत त्यांना माइकला हात लावायची परवानगी नव्हती.

आमच्याकडे दिवसभरात जेमतेम चार विमानं, तेवढी त्यांनी तिकडे तासाभरात उतरवलेली... तरी मी सांगेन ती नोंद मुकाट्याने करायचे. वर मला साहेब म्हणायचे. एकदा न राहवून मी म्हटलं, "अहो, साहेब नका म्हणू." तर म्हणाले, "ड्यूटीवर तुम्ही साहेबच. घरी जेवायला या, मग अरे-तुरे करीन."

टॉवरमध्ये एक यंत्र होतं. पायलट रेडिओवर बोलला की आवाज कुठल्या दिशेने येतोय ते त्याचा काटा दाखवायचा. काटा थोडा चुकायचा, म्हणून आम्ही कुणी त्याच्या वाटेला जात नव्हतो. केळकर मात्र प्रत्येक विमानाच्या वेळी तो किती चुकला ते वहीत लिहायचे. वेळ जात नसेल बिचाऱ्यांचा, असं मला वाटायचं.

त्या दुपारी दिल्लीहून डाकोटा विमान येत होतं, एकवीस प्रवासी घेऊन. शहरापलीकडून, झोटवाड्याच्या बाजूने, धुळीची आंधी उठली आणि पाच मिनिटांत रनवे दिसेनासा झाला. विजांमुळे विमानातला दिशा दाखवणारा काटा भिरभिरायला लागला. दिल्लीलाही धूळच, त्यामुळे परत पाठवायची सोय नाही.

पायलट म्हणाला, आपण नक्की कुठं आहोत ते सांगता येत नाही... आणि जयपूरच्या उत्तरेला तर डोंगर.

मी माइक केळकरांपुढे धरला. "घ्या. नियमाचं मी बघतो."

त्यांनी घेतला नाही. "त्याला तुमचा आवाज ओळखीचा झालाय," ते म्हणाले. "आत्ता मधेच नवा आवाज आला तर तो बिचकेल. तुम्हीच बोला, मी सांगतो."

ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. हळू आवाजात मराठीत सांगायचे, मी ते इंग्रजीत पायलटला सांगायचो.

"त्याला दहापर्यंत आकडे मोजायला सांगा." पायलट मोजायला लागला, आमच्या यंत्राचा काटा एका जागी थांबला. केळकरांनी वहीत बघून चूक वजा केली. "वीस अंश उजवीकडे वळायला सांगा. उंची सोडू नको म्हणावं... आणि सावकाश बोला. तुम्ही घाई केलीत की तोही करेल."

तीन-चारदा असं झालं. मग काटा गर्रकन फिरला. "डोक्यावर आला. डोंगर मागे पडले. आता दक्षिणेला जाऊ दे, तिकडे सपाट आहे. तिथून उतरत येऊ दे."

धुळीतून दोन पिवळट दिवे दिसले. विमान उतरलं.

पायलट जिना चढून वर आला, माझा हात दोन्ही हातांत धरून आभार मानत राहिला. केळकर टेबलावरची धूळ पुसत होते. आणि मी... मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये मात्र सगळं खरं लिहिलं. आमच्या वरिष्ठांनी, माथुरसाहेबांनी, दोघांना बोलावलं. "केळकरजी, आपने माइक लिया था?"

"नहीं साहब. मैं तो पीछे खड़ा मराठी बोल रहा था. रेडियो पर जो गया, सब इनका है."

माथुरसाहेबांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मग त्यांनी वही मागून घेतली, आणि तिच्यातले आकडे टाइप करून यंत्राशेजारी लावायला सांगितले.

केळकर पहिल्याच फटक्यात परीक्षा पास झाले. पुढे मी दिल्लीला गेलो, मोठमोठ्या विमानतळांवर काम केलं. नवी मुलं विचारायची, सर, तुमचं ट्रेनिंग कुठं झालं? मी सांगायचो, जयपूरला... माझ्याच ट्रेनीकडे.