वर बांधलेली पट्टी

आमची मोठी काकू लॉन्ड्रीत रुळावर होती. रूळ म्हणजे हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करणारं मशीन. त्याच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. तिला हात लागला की मशीन जागच्या जागी थांबतं. काकूचं मशीन मात्र पट्टीला चादरीची घडी लागली तरी थांबायचं, आणि काम तुंबायचं.

धाकटा काका तिथेच सुपरवायझर. काकू लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता. आई गेल्यावर त्याचं सगळं काकूनेच केलं. लॉन्ड्रीत चिकटवलं तेही तिनेच, मालकिणीच्या मागे लागून लागून. त्याला बढती मिळाली तेव्हा काकूच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

एके दिवशी त्याने तिला पट्टी वर बांधून टाकायला सांगितलं. काकूने भिंतीवरचा तक्ता दाखवला: पट्टी चालत नसेल तर मशीन चालवू नये.

"वहिनी, ते मार्गदर्शन आहे, कायदा नाही. पाळलं तर पाळलं. आणि मी आहे ना!"

'मी आहे ना'. एवढ्यावर बाईने चिंधीने पट्टी बांधली. हे शब्द ऐकले की मला अजूनही चीड येते.

चादर सरळ करताना तिचा उजवा हात आत ओढला गेला. शेजारणीने लाल बटण दाबलं म्हणून हात राहिला, पण तळवा भाजला आणि दोन बोटं कायमची आखडली.

चौकशीला सरकारी निरीक्षक बाई आल्या. काकूला पेन धरवेना, म्हणून मी सोबत गेले. चूक आपलीच ठरेल, या धास्तीने तिने अन्न टाकलं होतं. पण पुन्हा स्वतःच म्हणायची, "तो सांगेल ना खरं."

काकाने खाली बघून सांगितलं, "पट्टी त्यांनीच बांधली. मार्गदर्शन पाळा म्हणून मी दहादा बजावलं होतं."

इतके दिवस 'पाळलं तर पाळलं', आणि आज एकदम वेदवाक्य! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

निरीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "फिरत्या भागात कुणाचा हात जाणार नाही हे बघणं मालकांवर कायद्याने बंधनकारक आहे. ते कसं करायचं, हे मार्गदर्शन सांगतं. तसंच करा अशी सक्ती नाही. पण पट्टी बंद केलीत, तर तिच्याइतकं सुरक्षित दुसरं काय लावलंत, ते दाखवा."

दाखवायला होतं काय? एक चिंधी.

"आणि त्यांनीच बांधली असं धरलं, तरी ती तशी दिसत असताना तुम्ही मशीन चालू कसं ठेवलंत?"

काकूवर ठपका येणार नव्हता. मी खुशीत तिच्याकडे वळले, तर तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं नावही नव्हतं. कायदा वाचवेल म्हणून ती आलीच नव्हती. काका वाचवेल म्हणून आली होती.

कागद आवरताना बाईंनी दोघांची नावं पाहिली. "आडनाव एकच दिसतंय. हे तुमचे कोणी लागतात का?"

काकाने पहिल्यांदा मान वर केली.

"नाही," काकू म्हणाली. "आमचे सुपरवायझर आहेत."