झाकण ठेवायच्या आधी

कतारला निघाले त्या सकाळी घरासमोर गाडी हॉर्न देत उभी होती आणि बाबा हातात शिऱ्याचं पातेलं घेऊन माझ्यासमोर. मी ताटावर हात आडवा धरला. "हात काढ," म्हणाले, आणि बोटांच्या फटीतून शिरा पडलाच. इस्लामपूरच्या लग्नांत बाबांना पंगतीत वाढायला मुद्दाम बोलवायचे. त्यांचं म्हणणं, पहिलं 'नको' ऐकायचंच नसतं. पाहुणा ते रीत म्हणून म्हणतो.

दोह्यात ही रीत नाही. ऑफिसात कोणी "कॉफी?" विचारलं, आपण "नो, थँक्स" म्हटलं, की ट्रे पुढे जातो. आपल्यातले जे इकडे आलेत ते सगळे सुरुवातीला असे बिनकॉफीचे राहिलेत.

वर्ल्ड कप जवळ आला होता. अल थुमामाच्या स्टेडियमचं प्लॅनिंग माझ्याकडे, दिवसभर यल्ला-यल्ला, म्हणजे चला-चला, आवरा. रजेचं नाव काढायची सोय नव्हती. दर शुक्रवारी, सुट्टीला, मी दोह्याबाहेरच्या मुऐदरमधल्या माझ्या खोलीतून बाबांना फोन करायची. आई गेल्यापासून ते एकटेच. "दिवाळीला येतीस न्हवं?" "नाही जमणार बाबा, काम आहे." पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. मला ते विचारणं फार आवडायचं.

अशात आमच्या ऑफिसातले ताकेदासान करार संपवून जपानला परत निघाले. जाण्याआधी त्यांनी टीमला घरी वान्को सोबा खायला बोलावलं. हा जपानमधल्या त्यांच्या इवातेकडचा प्रकार. कुट्टूच्या पिठाच्या शेवया, वाटीत जेमतेम एक घास. सोबतीला कांद्याची पात, तीळ, मासळी. खाण्याची पद्धत अशी: वाढणारी पाठीशी उभी राहते, वाटी रिकामी झाली की आरोळी ठोकून पुढचा घास टाकते. चावत बसायचं नाही, रस्सा बाजूच्या भांड्यात ओतायचा. पुरे झालं की वाटी रिकामी करून तिनं पुढचं टाकायच्या आत झाकण ठेवायचं. झाकण म्हणजे खलास.

मला तर माहेरीच आल्यासारखं वाटलं! ताकेदासानची बायको अगदी बाबांसारखी वाढत होती. चार वाट्या पोटात गेल्या आणि मी रीतीप्रमाणे लाजून झाकण ठेवलं. आता ती झाकण काढेल, "एकच घ्या" म्हणेल, मी "अगं बाई, नको" म्हणेन. तिनं वाकून नमस्कार केला, माझी वाटी उचलली आणि शेजारच्याला वाढायला गेली. तासभर मी इतरांचं सुर्र सुर्र ऐकत बसले, पोटात कावळे ओरडत होते.

घरी येऊन पोहे टाकले. खाताना हसू येत होतं, आणि मधेच ते थांबलं. दिवाळी तोंडावर आली होती आणि बाबांनी गेले कित्येक शुक्रवार विचारलंच नव्हतं. नळाला पाणी कधी येतं, शेजारच्यांच्या म्हशीनं काय केलं, एवढंच बोलायचे. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाचं पहिलं 'नको' ऐकलं नाही, त्यानं माझं ऐकलं होतं. मला भीती वाटली.

सकाळी मॅनेजरकडे रजा मागितली. "स्पर्धा झाल्यावर, इन्शाल्ला," तो म्हणाला. मी म्हटलं, आत्ताच. बरीच घासाघीस झाली, शेवटी मोजकी रजा मिळाली. लगेच बाबांना फोन लावला.

"बाबा, दिवाळीला येतेय."

 "नगं बाई. एवढं काम टाकून कशाला येतीस? माझं काय, बरं चाललंय."

घर म्हणजे जिथे आपलं 'नको' चालत नाही ती जागा, असं मी इतकी वर्षं समजत आले. बाबांचंही 'नको' असतं आणि ते न ऐकण्याचं काम आता माझ्याकडे आहे, हे त्या दिवशी कळलं.

"हात काढा, बाबा," मी म्हणाले. "मी येतेय."

ते हसले, मग नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं," म्हणाले. "रवा आणून ठेवतो."