गच्चीवरची तार

मुलांनो, आज सकाळी समोरच्या गच्चीवर मुक्ता आणि तिचे बाबा दोन बांबूंमध्ये लांब तार बांधत होते. मुक्ता हौशी रेडिओची, म्हणजे घरबसल्या रेडिओ संचावरून लांबच्या लोकांशी बोलायच्या परवान्याची, परीक्षा पास झाली आहे. तिने पहिलाच संच घेतला तो मोठा, परदेशापर्यंत पोचणारा. त्याला अशी तार लागते.

“बाबा, नीट ताणा ना! कपडे वाळत घालायचेत का हिच्यावर?” ती ओरडत होती. मी चहा हातात घेऊन बघत राहिले.

तुमच्या आजोबांनीही निवृत्तीनंतर ती परीक्षा दिली होती. त्यांनाही असाच संच हवा होता. मी म्हटलं, “अहो, कुरडया वाळवायच्या गच्चीत तारांचं जंजाळ नको. सुरुवातीला तो हातात मावणारा छोटा घ्या.” त्यांनी माझं ऐकलं. छोटा संच कपाटात नीट बसायचा, आणि त्याचा आवाज शहराच्या वेशीपर्यंतच जायचा.

एकदा ते आनंदाने म्हणाले, “अगं, आज थेट हडपसरच्या माणसाशी बोललो!”

“तिथे तर बसनेही जाता येतं,” मी म्हटलं.

ते हसले. पण पुढे तो संच हळूहळू बंदच राहू लागला.

आता तुम्ही समुद्रापलीकडे आहात, आणि दूरचा आवाज कानावर पडावा म्हणून माणूस किती आतुर होतो, ते मला कळतं. मी घरात काय शोभेल ते बघून निवड केली. त्यांना इतक्या लांब कोणाशी बोलायचं होतं, हे मी कधी विचारलंच नाही.