अंगावरचं घोंगडं

पठारावर पाऊस आडवा झोडपत होता आणि धोंडूमामा गोणीची खोळ घेऊन म्हशींमागे उभे होते. धनगराच्या खांद्यावर घोंगडं नाही, हे नवलच. विचारलं, तर त्यांनी समोरच्या कड्याकडे बोट दाखवलं. मागे एकदा दाट धुक्यात एक छोटं खासगी विमान तिथे आदळलं, आतले दोघेही गेले. पोलीस पोचेपर्यंत मामा त्यांच्यावर आपलं घोंगडं पांघरून, स्वतः भिजत शेजारी बसले होते. त्या दोघांची नावं त्यांना आजही ठाऊक नाहीत.

"घोंगडं परत नाही घेतलंत?"

"निजलेल्याच्या अंगावरलं पांघरूण कुणी काढतंय व्हय?"

इतक्यात ढगांआडून विमानाची घरघर आली. दिसत काहीच नव्हतं, तरी आवाज पार विरेपर्यंत मामा मान वर करून उभे राहिले.