काळ्या चौकटीतला वैजनाथ

कोल्हारच्या स्टँडवर सूर्यभान पेपर विकतो, आणि गावचा वार्ताहरही तोच. गावात माणूस गेलं की घरचे आधी फोटो घेऊन त्याच्याकडे येतात. काळ्या चौकटीत फोटो, खाली ‘शोकाकुल’ आणि नातेवाइकांची नावं. ती चौकट छापून आल्याशिवाय माणूस गेल्याचं आमच्याकडे कुणाला खरंच वाटत नाही. माझं सलून त्याच्या शेजारीच, त्यामुळे त्याची जिवंत-मेलेली सगळी गिऱ्हाइकं मला ठाऊक.

त्याचा मुलगा वैजनाथ लेबनॉनात, बैरूतला, एका अरबी पेपरच्या छापखान्यात मशीनवर आहे. “बाप पेपर इकतो, पोरगा छापतो,” असं सांगताना सूर्यभानची मान ताठ व्हायची. मी चिडवायचो, “छापतो त्यातलं एक अक्षर तरी कळतं का त्याला?”

त्या सकाळी गठ्ठा सोडला तर आतल्या पानावर चार ओळी. बैरूतमध्ये गाडीत बॉम्बस्फोट, सत्ताधाऱ्यांविरुद्ध लिहिणारा संपादक ठार. पेपर वैजनाथचाच. सूर्यभानने लगेच फोन लावला, पण काही केल्या लागेना.

तेवढ्यात त्याच्या शेजारचा, वैजनाथचा मित्र बिभीषण मोबाईल नाचवत आला. त्याने गावच्या ग्रुपवर अरबी पेपरचं पहिलं पान टाकलं होतं. पानभर जाड काळी चौकट, आत ओळीने माणसांचे फोटो, आणि खालच्या ओळीत वैजनाथ. सूर्यभानला अरबी वाचायची गरजच नव्हती. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या घरी हेच पोहोचवलं होतं. तो बाकड्यावर बसला आणि म्हणाला, “पोरगं गेलं.”

बघता बघता घर भरलं. रंगुबाईने, त्याच्या बायकोने, हंबरडा फोडला. चूल पेटली नाही. शेजारणीने पिठलं-भाकरी आणून ठेवली. एका शहाण्याने तर मला वस्तरा आणायला सांगितला. माझं डोकंच फिरलं. “आधी फोन तर लागू द्या रे! मढं न्हाई, खबर न्हाई, आन् निघाले बापाचं डोकं भादरायला!”

दुपारी सूर्यभानचा मोबाईल वाजला. बाहेरच्या देशातला नंबर. त्याने तो माझ्यापुढे धरला, मीच स्पीकर चालू केला.

“आण्णा, वैजू बोलतोय. मी बरा हाय. माझा फोन बंद पडला, दुसऱ्याचा घेतलाय.”

मग त्याने सगळा उलगडा केला. संपादकाच्या मागे पेपर बंद पडेल, असं मारणाऱ्यांना वाटत होतं. म्हणून शिपायापासून मशीनवाल्यापर्यंत सगळ्यांनी आपापले फोटो छापले आणि वर लिहिलं, ‘आम्ही इथेच आहोत.’ चौकट साहेबांच्या दुखवट्याची. वैजूने पान मित्रांना पाठवताना खाली हे सगळं लिहिलं होतं. बिभीषणाने नुसतं चित्र उचलून पुढे ढकललं.

“मेल्या,” रंगुबाई रडत रडत हसली, “जित्ता हायेस तर काळ्या चौकटीत कशाला जाऊन बसलास?”

मी ओट्यावर टेकलो आणि लाज न बाळगता रडलो. मग उठून बिभीषणाच्या सात पिढ्या काढल्या. रंगुबाईने चूल पेटवून शिरा केला. मेल्याची खोटी आवई उठली की आयुष्य वाढतं, असं जो तो म्हणू लागला.

“पोराचं वाढलं,” सूर्यभान म्हणाला. “त्या साह्यबाची बातमी तर खरी निघाली.”

पोराला ‘परत ये’ म्हणायचं त्याच्या ओठावर आलं होतं, मला दिसत होतं. पण त्याने एवढंच विचारलं, “वैजू, तुमच्या साह्यबाचा चांगला फोटो हाय का?”

दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात, गावातल्या दोन म्हाताऱ्यांच्या मधोमध, चष्मेवाला एक गोरा गृहस्थ काळ्या चौकटीत हसत होता. खाली छापलं होतं, ‘शोकाकुल: वैजनाथ, त्याचे आईवडील आणि समस्त कोल्हारकर.’

माझ्या खुर्चीत दाढीला बसलेल्याने विचारलं, “हे कोन रं सूर्यभान? आपल्यातले?”

“व्हय,” सूर्यभान गठ्ठा सोडत म्हणाला. “पेपरवाले. आपल्यातलेच.”